लहान मुलं, टीचर आणि ‘थँक्यू’: थोडी पार्श्वभूमी

टीचर्स डे जवळ आला किंवा वर्ष संपत आलं की पालकांच्या ग्रुपवर कार्ड आणि गिफ्टची चर्चा सुरू होते, ती सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला टीचरबद्दल कृतज्ञता वाटते का, वाटली तर ती दिसते कशी, आणि त्यात आईबाबांनी किती हात घालायचा, या प्रश्नांना बराच मोठा इतिहास आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

जुना काळ पटकन उरकतो. पूर्वी बऱ्याच ठिकाणी शिक्षकाला ठरलेला पगार नसायचा, धान्य, सरपण, कोणाच्या तरी घरी राहायची सोय असं काय काय मिळायचं, त्यामुळे टीचरला घरून काहीतरी नेऊन देणं हा आभाराचा भाग कमी आणि मोबदल्याचा जास्त होता. शिवाय अगदी लहान मुलांसाठी वेगळी शाळा ही गोष्टच उशिरा आली. १८१६ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका सूतगिरणीच्या वस्तीत अशी शाळा निघाली, १८३७ मध्ये जर्मनीत बालवाडीची सुरुवात झाली, आणि मग हळूहळू ते जगभर पसरलं. म्हणजे चिमुकल्यांची टीचर हे नातंच जेमतेम दोनशे वर्षांचं आहे.

जागतिक शिक्षक दिनाची ५ ऑक्टोबर ही तारीखही आभाराच्या भावनेतून आलेली नाहीये. १९६६ मध्ये त्या दिवशी पॅरिसमध्ये शिक्षकांच्या दर्जाबद्दलची एक आंतरराष्ट्रीय शिफारस मंजूर झाली, त्यात पगार, प्रशिक्षण, कामाचे तास, व्यावसायिक स्वातंत्र्य हे सगळं आहे, आणि चांगली गोष्ट म्हणजे नर्सरी आणि बालवाडीच्या शिक्षकांनाही त्यात धरलंय. १९९४ पासून तोच दिवस जागतिक शिक्षक दिन म्हणून पाळतात. मूळ मुद्दा हक्कांचा होता, पुढे फुलं आणि कार्डं समोर आली आणि पगाराची गोष्ट मागे पडली, हे मला बरोबर वाटत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

मुलांच्या बाजूने हा विषय पहिल्यांदा नीट अभ्यासला गेला तो १९३८ मध्ये छापून आलेल्या एका स्विस अभ्यासात. त्यात ७ ते १५ वर्षांच्या मुलांना दोनच प्रश्न विचारले होते: तुझी सगळ्यात मोठी इच्छा काय, आणि ती कोणी पूर्ण केली तर तू त्या माणसासाठी काय करशील. उत्तरांचे चार गट पडले. काही मुलं म्हणाली थँक्यू म्हणेन. काही म्हणाली माझं आवडतं खेळणं देईन, म्हणजे मुलाला स्वतःला जे प्रिय आहे तेच समोरच्याला. काहींनी समोरच्याला काय लागेल, काय आवडेल याचा विचार केला, त्याच्याशी नातं ठेवायची भाषा केली. आणि थोडी मुलं अशी, की मिळालेल्या गोष्टीचं मी चीज करेन. वय वाढलं की ‘माझं खेळणं देईन’ कमी होत जातं आणि समोरच्याचा विचार वाढतो असं दिसलं. साध्या ‘थँक्यू म्हणेन’चं मात्र पुढच्या काळात वेगवेगळ्या देशांत हाच अभ्यास परत केला तेव्हाही वयाबरोबर काही ठरावीक वळण दिसलं नाही. एखादं चार वर्षांचं पोर टीचरला आपला तुटका क्रेयॉन किंवा खिशातला दगड नेऊन देतं तेव्हा आपण घाईघाईने ‘अरे हे काय देतोस’ म्हणून थांबवतो, पण त्या वयात त्याच्या परीने तीच सर्वात मोठी भेट असते आणि ती तशीच जाऊ द्यावी.

यानंतर बराच काळ या विषयाकडे कोणी फारसं पाहिलं नाही, आणि मग सत्तरच्या दशकात भाषेचा अभ्यास करणारे लोक यात आले आणि खरा वाद सुरू झाला, ‘काय म्हणायचं?’ या वाक्याचा. मूल काही घेतं, आई मागून म्हणते ‘काय म्हणायचं?’, मूल म्हणतं ‘थँक्यू’. हे शिकवणं आहे का नुसतं वदवून घेणं आहे?

१९७६ च्या एका अमेरिकन अभ्यासात हॅलोविनला दारोदार खाऊ मागायला आलेल्या मुलांचं बोलणं टिपलं होतं. सहा वर्षांखालच्या मुलांपैकी साधारण पाचात एक मूल थँक्यू म्हणालं, दहाच्या पुढची बहुतेक सगळी म्हणाली. पण त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग हा आकडा नाहीच. अभ्यासकांनी असं दाखवलं की मोठी माणसं मुलाकडून शब्दाचा आग्रह धरतात, त्या शब्दामागे काय आहे हे मात्र सांगत नाहीत. बाकीचे शब्द शिकवताना आपण आधी अर्थ दाखवतो, हा बॉल, ही मांजर, आणि इथे उलटं, अर्थाची वाट न बघता शब्द आधी. १९८० मध्ये २ ते ५ वर्षांच्या २२ मुलांवर आणखी एक अभ्यास झाला, मुलांना छोटी भेट दिली, तर आपणहून थँक्यू म्हणायचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास, आणि आईवडिलांनी आठवण केली की बहुतेक मुलं म्हणून टाकत होती. त्यात आया स्वतः वडिलांपेक्षा जास्त वेळा थँक्यू म्हणाल्या, म्हणजे मुलं बघत काय असतील याचाही विचार करायला हवा. मग १९८६ मध्ये बालवाडीच्या वयाच्या २५० मुलांना पालक आजूबाजूला नसताना पाहिलं, तर ३७ टक्के मुलं न सांगता थँक्यू म्हणाली, आणि बरोबरीच्या मुलांपेक्षा मोठ्या माणसांना जास्त.

आता यावरून दोन तट पडले ते आजपर्यंत आहेत. एका बाजूचं म्हणणं, शब्द आधी येऊ दे, सवय लागली की अर्थ मागून येतो, नाहीतरी सगळे शिष्टाचार असेच येतात. दुसरी बाजू म्हणते की हा शिष्टाचार आहे, कृतज्ञता नाही, कृतज्ञता म्हणायची तर समोरच्याने माझ्यासाठी मुद्दाम काही केलं हे कळलं पाहिजे आणि त्याच्यासाठी काही करावंसं वाटलं पाहिजे. यातले काही जण तर म्हणतात अगदी लहान मुलांमध्ये खरी कृतज्ञता नसतेच, नंतर येते. मी मनाने दुसऱ्या बाजूचा आहे, पण लहान मुलांना यातलं काही कळतच नाही हे मला पटत नाही आणि नंतरचं काम बघितलं तर तेही तसं म्हणत नाही. २०१३ च्या एका अभ्यासात मुलांना वयाच्या तिसऱ्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत पाहिलं, तर तिसऱ्या वर्षी ज्यांना भावना ओळखता येत होत्या आणि चौथ्या वर्षी दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ज्यांना जास्त कळत होतं, त्यांना पाचव्या वर्षी कृतज्ञता जास्त चांगली समजत होती. २०१८ मध्ये तर असं दिसलं की तीन वर्षांची मुलंसुद्धा, समोरच्याने मुद्दाम दिलं असेल तर परत देताना हात सैल सोडतात, चुकून मिळालं असेल तर तेवढा नाही. म्हणजे हेतू कळतो, त्यासाठी शब्द नसतात एवढंच, आणि ‘काय म्हणायचं?’ने ते शब्द मिळत नाहीत, ‘टीचरने तुझ्यासाठी काय केलं?’ असं विचारलं तर मिळू शकतात.

शाळेत शिकवायचा प्रयत्न बराच नंतरचा. २००३ मध्ये मोठ्यांवर आभाराच्या डायरीचा प्रयोग गाजला, २००८ मध्ये तो शाळकरी मुलांपर्यंत आला, आणि २०१४ मध्ये ८ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी वर्गात शिकवायचा एक छोटा अभ्यासक्रम तपासला गेला. त्यात थँक्यू म्हणा असं शिकवलंच नव्हतं. तीन गोष्टी शिकवल्या: समोरच्याने हे ठरवून केलं का, त्याला त्यासाठी काय सोडावं लागलं, आणि तुला त्याचा काय फायदा झाला. नंतर सगळ्यांना पालक संघाला थँक्यू कार्ड लिहायची संधी दिली, सक्ती नाही, तर हे शिकलेल्या मुलांनी ८० टक्के जास्त कार्डं लिहिली. बालवाडीच्या मुलांना हेच तीन प्रश्न सोपे करून विचारता येतात, पडलास तेव्हा टीचर काय करत होती, ते सोडून आली का, मग तुला कसं वाटलं, आणि मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहून द्यायचं. चित्र सुधारायचं नाही. तीन-चार वर्षांची मुलं माणूस काढतात तो डोकं आणि त्यालाच पाय असा असतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून नोंदवलेलं आहे, पोट नाही म्हणून मोठ्यांनी पोट काढायचं काही कारण नाही.

गिफ्टचा मुद्दा वेगळ्या वाटेने आला, भ्रष्टाचाराच्या. दक्षिण कोरियात २०१६ चा लाचविरोधी कायदा शाळांनाही लागू झाला आणि सरकारी अर्थ असा लावला गेला की एकट्या मुलाने टीचरला एक फूल देणंही चालणार नाही, वर्गाच्या प्रतिनिधीने सगळ्यांसमोर दिलं तर चालेल. खूप लोकांना हे अती वाटलं. पण हाताने लिहिलेल्या पत्राला बंदी नव्हती, आणि पालकांची ऐपत बाजूला पडली की जे उरतं ते मुलाचंच असतं, म्हणून मला त्या निर्णयाचा हेतू तरी योग्य वाटतो, फुलाची गोष्ट मात्र नाही.

एक जागा अजून रिकामीच आहे. १९६६ च्या त्या शिफारशीत शिक्षक म्हणजे शाळेत मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी असलेली माणसं. पण नर्सरीत बूट घालणारी, नाक पुसणारी, रडणाऱ्याला कडेवर घेणारी बऱ्याचदा मदतनीस ताई असते, ती या व्याख्येत बसेलच असं नाही आणि वर्गातून गोळा होणाऱ्या कार्डांवरही तिचं नाव फारसं नसतं. मुलाला आपण होऊन विचारलं की कार्ड कोणासाठी करायचं, तर ते तिचंही नाव घेऊ शकतं, आणि तेव्हा यादीत नाही म्हणून ते खोडू नये.