मांडवीचा किनारा ते धोर्डोचा तंबू: एकट्याने बाइकवर एक दिवस

पुण्याहून कच्छला निघणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळी उलटली की आमच्या गॅरेजमध्ये कच्छला निघालेल्या गाड्या येऊ लागतात. बरेच जण एकटे जाणारे असतात. त्यांना आम्ही आवर्जून सुचवतो तो मार्ग मांडवी–भुज–धोर्डो: सकाळी समुद्र, रात्री पांढऱ्या रणाच्या काठावर तंबू. अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. रोज सिंहगड रोडच्या गर्दीतून गाडी काढणाऱ्याला ते किरकोळ वाटते आणि तिथेच गफलत होते. या दिवसाची आखणी किलोमीटर पाहून करू नका, मावळतीची वेळ पाहून करा.

भुजपर्यंत

पुण्याहून रस्त्याने हजार किलोमीटरच्या आसपास पडतात. वाटेत एक तरी मुक्काम धरा, दोन असले तर उत्तम. मुंबई–पुणे आणि अहमदाबाद–वडोदरा या दोन्ही द्रुतगती मार्गांवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा जुन्या हायवेनेच जायचे.

गाडी रेल्वेने न्यायची तर पुणे–भुज एक्सप्रेस आठवड्यातून एकदा आहे. पार्सलला देताना टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसे काढून ठेवा, आरसीची प्रत जवळ ठेवा. गाडी तुमच्याच रेल्वेने पोहोचेल असे गृहीत धरू नका. भुजला एक दिवस हाताशी ठेवा. उतरल्यावर पंपापर्यंत ढकलत न्यावी लागेल, हेही मनात असू द्या.

आम्ही गाडीत काय पाहतो

ब्रेक पॅड, ऑइल, बॅटरी, टायर हे नेहमीचेच. एकट्याने जाणाऱ्याच्या गाडीत दोन कामे जास्तीची करतो. पहिले, नवी क्लच वायर जुन्या वायरीला लागूनच हँडलपासून खालपर्यंत टेपने बांधून ठेवतो. वाटेत वायर तुटली तर टाकी न उतरवता, फक्त दोन टोके बदलून गाडी पुढे निघते. दुसरे, पंक्चरचे. अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर असेल तर पट्टीचे किट आणि छोटा पंप पुरतो. स्पोक व्हीलमध्ये बहुधा ट्यूब असते. तिथे सुटी ट्यूब, टायर लिव्हर आणि मागचे चाक उतरवायचे पाने लागतात. नेण्याआधी हे चाक आमच्यासमोर एकदा स्वतः उतरवून बसवा. आम्ही यासाठी आग्रह धरतो आणि धरत राहू, कारण भुज–धोर्डो वाटेवरच्या भिरंडियारा गावाच्या पुढे मोबाइलची रेंज भरवशाची नाही.

प्रत्यक्ष दिवस

डिसेंबरात मांडवीला सूर्य सव्वासातनंतर उगवतो, पुण्यापेक्षा उशिरा. रुक्मावती नदीच्या काठावर लाकडी जहाजे आजही हाताने बांधली जातात. तिथे निवांत वेळ द्या. दाबेली मूळची याच गावची, तेव्हा ती इथे खाऊनच निघा. भुज साधारण साठ किलोमीटर. अकरापर्यंत भुजला पोहोचलात तर दिवस तुमच्या हातात आहे. टाकी इथेच काठोकाठ भरा, पाणी घ्या, जेवा आणि घरच्या एका माणसाला रात्रीच्या मुक्कामाचे नाव कळवा.

भुजपासून धोर्डो ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. वाटेत कर्कवृत्ताची पाटी लागते. मग बन्नीचा गवताळ सपाट प्रदेश सुरू होतो. रणात जाण्याचा परवाना ऑनलाइन मिळतो किंवा भिरंडियाराच्या चौकीवर. ओळखपत्राची प्रत आणि गाडीचा नंबर द्यावा लागतो. तिथला मावा चाखल्याशिवाय निघू नका.

इथून पुढे रस्ता पश्चिमेकडे झुकतो. चारनंतर निघालात तर ऊन डाव्या हाताने थेट डोळ्यांवर येते आणि त्याच वेळी बन्नीच्या म्हशी चरून परतत असतात. काळी म्हैस संधिप्रकाशात डांबरी रस्त्यावर दिसत नाही, दिसते तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते. म्हणून आमचा हिशेब सरळ आहे: सूर्य सहानंतर थोड्याच वेळात मावळतो, तेव्हा चारच्या आत गाडी मुक्कामी लागली पाहिजे. काळो डुंगर हा जवळचा डोंगर दुसऱ्या दिवशी करा.

मुक्काम आणि मीठ

धोर्डोत तंबू, होडको गावात भुंगे, म्हणजे मातीच्या गोल झोपड्या मिळतात. हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पौर्णिमेच्या आसपास जागा फार आधी भरते. रात्री पारा दहाच्या खाली जाऊ शकतो, दुपारच्या उन्हावर जाऊन जाकीट घरी ठेवू नका. गुजरातेत दारूबंदी आहे, सामानात बाटली नको.

गाडी रणात घालू नका. पावसाळ्यात इथे पाणी साचते, ते आटले की मीठ वर राहते. वरून कडक दिसणारा हा थर दुधावरच्या सायीसारखा आहे. खाली चिखल असतो आणि चाक त्यात रुतते. वाहनतळापासून पुढे पायी किंवा उंटगाडीने जा.

चिखल लागला नाही तरी मिठाची धूळ लागतेच. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून गाडी उभी असतानाही गंज चालू राहतो. चेनच्या कड्यांमध्ये, स्पोकच्या निपलवर आणि सायलेन्सरच्या सांध्यावर तो आधी दिसतो. भुजला परतल्यावर गोड्या पाण्याने गाडी धुवून घ्या, पण प्रेशर वॉशरचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर आणि चेनवर मारू देऊ नका. चेन सुकली की लगेच ल्यूब.

आमच्याकडे येताना

निघण्याच्या किमान दहा दिवस आधी गाडी आणा. एखादा पार्ट मागवायचा झाला तर वेळ मिळतो. आरसी, विमा, पीयूसी सोबत असू द्या, मुदती आम्ही तपासून देतो. खर्च गाडी पाहून, कामाला हात लावण्यापूर्वी लिहून देतो. परतल्यावर आठवड्याच्या आत गाडी पुन्हा दाखवा: चेन, ब्रेक कॅलिपर आणि वायरिंगचे जोड उघडून साफ करावे लागतात, आणि हे काम लांबवले की पार्ट बदलायची वेळ येते.