वेंगेन की म्युरेन: दरी एक, गावं दोन

स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या दरीत उभं राहिलं की दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि त्यांच्या माथ्यावर एकेक गाव. पूर्वेला वेंगेन, पश्चिमेला म्युरेन. दोन्हीकडे मोटारींना बंदी, दोन्हीकडून युंगफ्राउ शिखर दिसतं. म्हणून पुष्कळ जण जिथे खोली स्वस्त, तिथे बुकिंग करतात आणि फसतात. समोरासमोर असली तरी या गावांमध्ये थेट वाट नाही. एकातून दुसऱ्यात जायचं तर दरीत उतरा, पुन्हा चढा. यात तासभर सहज मोडतो.

युंगफ्राउयोख (३४५४ मीटर), म्हणजे शिखराजवळच्या खिंडीतलं रेल्वे स्टेशन, हा मुख्य बेत असेल, तर वेंगेन (१२७४ मीटर). लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची गाडी पंधराएक मिनिटांत गावात सोडते आणि तीच पुढे क्लाइने शायडेकला जाते. तिथे गाडी बदलली की वर. सामान एकदाच चढवायचं.

म्युरेन (१६३८ मीटर) थोडं आडवळणाचं. लाउटरब्रुनेन स्टेशनासमोरून केबल कारने ग्रुचआल्प, तिथून छोटी आगगाडी. मोठ्या बॅगा असतील तर बसने श्टेखेलबेर्गला जा. डिसेंबर २०२४ पासून तिथून नवी केबल कार थेट म्युरेनला नेते. जुन्या माहितीत अजून वाटेतल्या गिमेलवाल्डला केबल कार बदला असं लिहिलेलं असतं. शिल्टहॉर्न शिखरावर (२९७० मीटर) याच मार्गाने पुढे जायचं.

स्विस ट्रॅव्हल पासवर (पर्यटकांसाठीचा रेल्वे-बसचा एकत्रित पास) दोन्ही गावांपर्यंतचा प्रवास येतो, वरचा नाही. वेंगेनहून युंगफ्राउयोखला २५ टक्के, म्युरेनहून शिल्टहॉर्नला ५० टक्के सवलत, बस्स.

खिडकीतून डोंगर बघायचे असतील तर मात्र म्युरेनच. आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही तीन शिखरं ओळीने समोर. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागे असतो, फोटो काळपट येतात. कॅमेरा काढायचा तो संध्याकाळी, पश्चिमेचं ऊन शिखरांवर पडतं तेव्हा. वेंगेनचा उतार पश्चिमेकडे असल्याने तिथल्या बाल्कनीत ऊन उशिरापर्यंत रेंगाळतं.

चालण्यासाठी वेंगेनहून केबल कारने वरच्या मेनलिखेन डोंगरावर जा आणि तिथून क्लाइने शायडेकपर्यंत चाला: साधारण साडेचार किलोमीटर, दीड तास, हळूहळू उतार, समोर आयगरची उत्तर भिंत. उलट दिशेने गेलात तर तेच चढ. जूनच्या सुरुवातीलाही वाटेवर बर्फ असू शकतो. म्युरेनला गावावरच्या आल्मेंडहुबेलवरून नॉर्थफेस ट्रेल ही पायवाट, अडीच तासांची. पाटीवर लिहिलेला वेळ निव्वळ चालण्याचा असतो, डबा खाण्याचा नाही. पिवळी खूण म्हणजे सोपी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की पकड असलेले बूट हवेत. एप्रिल आणि नोव्हेंबरच्या आसपास वरच्या केबल कार दुरुस्तीसाठी बंद राहतात, तारखा आधी बघा.

खाण्यात दोन्ही गावं सारखीच. शाकाहाऱ्यांनी ऱ्योस्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचा कुरकुरीत थर, मागवताना ‘ओने श्पेक’ (बेकनशिवाय) म्हणावं, नाहीतर डुकराचं मांस येऊ शकतं. फॉन्ड्यूत पांढरी वाइन आणि बऱ्याचदा किर्श (चेरीची दारू) घालतात. आणि ग्रुयेर चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध गोठवणारा पदार्थ) बनतं. कडक शाकाहाऱ्यांनी चीजबद्दल विचारूनच ऑर्डर द्यावी.