अंग बाहेर येणे: धोका कोणाला आणि का?

"खाली काहीतरी ओघळल्यासारखं वाटतं," हे सांगताना आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या बहुतेक जणींचा आवाज बारीक होतो. लाजेपायी कित्येक जणी हे वर्षानुवर्षं कोणाशी बोललेल्याच नसतात. बाळंतपण झालेल्या स्त्रियांमध्ये हा त्रास अगदी सर्रास आढळतो आणि तो तुमच्या हलगर्जीपणामुळे झालेला नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भपिशवी, मूत्राशय आणि गुदाशय यांचा भार ती पेलते आणि अस्थिबंध त्यांना जागेवर धरून ठेवतात. झोळी सैल पडली की सगळा ताण अस्थिबंधांवर येतो, तेही ढिले पडतात आणि एखादा अवयव योनिमार्गात उतरू लागतो. दर वेळी पिशवीच उतरते असं नाही. मूत्राशयाकडची बाजू खाली येण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं.

योनिमार्गे झालेलं बाळंतपण हे यामागचं सर्वांत मोठं कारण. बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूंचा काही भाग सुमारे तिप्पट ताणला जातो. बहुतेकींचे स्नायू सावरतात. काहींचे मात्र हाडापासून सुटतात, विशेषतः बाळाला बाहेर काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागला असेल तर. प्रत्येक बाळंतपणागणिक धोका वाढतो, तरी सर्वांत मोठी भर पहिलंच बाळंतपण घालतं. सिझेरियनमुळे धोका पुष्कळ कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. शिवाय त्या शस्त्रक्रियेचे स्वतःचे धोके आहेत, म्हणून निव्वळ या भीतीने ती मागू नये असं आम्हाला वाटतं.

झालेली इजा वर्षानुवर्षं जाणवतही नाही. पाळी गेली, इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं, ऊती पातळ झाल्या, की मग ती डोकं वर काढते. आई किंवा बहिणीला हा त्रास असेल तर तुमचाही धोका जास्त. आणि पिशवी काढली म्हणजे प्रश्न मिटला, हा समज चुकीचा आहे. त्यानंतर योनिमार्गाचा वरचा भाग खाली येऊ शकतो.

वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाही, बद्धकोष्ठता मात्र आहे. रोज कुंथल्याने त्या झोळीवर रोज दाब पडतो, आणि आमच्या मते याच कारणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. कमोडवर बसताना पायांखाली छोटं स्टूल घ्या, किंचित पुढे झुका, श्वास रोखू नका. जुनाट खोकला, वाढलेलं वजन आणि सतत जड उचलणं यांचाही परिणाम तसाच होतो. खोकला अंगावर काढू नका. ओझं उचलताना ते शरीराजवळ धरा आणि श्वास सोडत उचला.

स्नायूंचा व्यायाम म्हणजे लघवी आणि वायू एकाच वेळी रोखल्यासारखं आत-वर आकसणं, मग पूर्ण सैल सोडणं. एका वेळी ८, दिवसातून ३ वेळा. लघवी करताना मध्येच थांबवून हा सराव करू नका. सौम्य त्रासात निदान १६ आठवडे नेटाने केल्यास बऱ्याच जणींना आराम पडतो. फार खाली आलेलं अंग व्यायामाने वर जात नाही. तिथे पेसरी (अंगाला आधार द्यायला योनिमार्गात बसवायचं साधन) किंवा शस्त्रक्रियेबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं लागतं.

लघवी अडत असेल किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, तर आमच्याकडे येण्याआधी लगेच डॉक्टरांकडे जा.

पहिल्या भेटीला येताना बाळंतपणं, शस्त्रक्रिया आणि चालू औषधं यांची माहिती आणा. तपासणी बंद खोलीत आणि तुमच्या संमतीनेच होते. त्या दिवशी तपासणी नको वाटली, तर नुसतं बोलूनही सुरुवात करता येते.