कच्च्या मांसाचे ताट आणि सादळलेला पापड

माझी भाची शिक्षणासाठी इटलीत बोलोन्याला आहे. मागच्या हिवाळ्यात तिने वर्गातल्या मित्रमैत्रिणींना घरी बोलावले आणि त्यांच्यासाठी आयुष्यातला पहिला 'ताल्येरे' मांडायचे ठरवले. ताल्येरे म्हणजे लाकडी पाट आणि त्यावर मांडलेले मांसाचे पातळ काप, चीज, फळे, आंबट-खारट लोणची व पाव. जगभर हाच प्रकार शार्क्युटरी बोर्ड या नावाने ओळखला जातो. पाहुणे यायला तासभर असताना तिचा फोन आला. "मामा, हे पार्मा हॅम चक्क कच्चं आहे. तव्यावर परतून घेऊ का?" पार्मा हॅम म्हणजे न शिजवता, मीठ लावून वाळवलेली डुकराची तंगडी. मोर्तादेला, म्हणजे डुकराच्या वाटलेल्या मांसाचे शिजवलेले जाड सॉसेज, कुठे ठेवला आहेस, असे मी विचारले, तर तो शिजवलेला असल्यामुळे सकाळपासून ओट्यावरच होता, तोही हीटरच्या शेजारी.

तिची भीती आणि तिचा भरवसा, दोन्ही चुकीच्या जागी होते. ज्याला ती घाबरत होती ते हॅम त्या घरातल्या सर्वांत टिकाऊ पदार्थांपैकी एक होते, आणि ज्यावर ती विसंबली होती तो मोर्तादेला मात्र फेकून द्यावा लागला. गंमत अशी, की 'शार्क्युटरी' हा शब्द ज्या दोन फ्रेंच शब्दांपासून आला, त्यांचा अर्थच 'शिजवलेले मांस' असा होतो. नवशिक्याची फसगत तिथूनच सुरू होते.

अन्न नासण्यासाठी जिवाणूंना पाणी लागते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. परंतु पदार्थात पाणी किती आहे, या प्रश्नाने फारसे काही कळत नाही. पावात साधारण 35 ते 40 टक्के पाणी असते आणि तो चार-पाच दिवसांत बुरशी धरतो. पार्मा हॅममध्ये पाण्याचे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास असते, तरीही ते महिनोन्‌महिने लटकत राहते. पदार्थातले किती पाणी मोकळे आहे आणि किती दुसऱ्या कशाने तरी धरून ठेवले आहे, हा खरा प्रश्न आहे. हा मोकळेपणा मोजण्याची रीत सोपी आहे. पदार्थ बंद बरणीत ठेवावा, आतल्या हवेची आर्द्रता स्थिर होऊ द्यावी आणि मग ती मोजावी. आर्द्रता 90 टक्क्यांवर थांबली, तर त्या पदार्थाची जलक्रियाशीलता 0.90 आहे असे म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता 1, ताज्या मांसाची 0.99, तर मिठाच्या संपृक्त द्रावणाची 0.75 असते.

हे तत्त्व प्रयोगशाळेत न जाताही मराठी घराला ठाऊक आहे, कारण आपल्याकडे त्यासाठी 'सादळणे' हा नेमका शब्द आहे. तळलेल्या पापडाची जलक्रियाशीलता फारच कमी असते आणि आषाढातल्या हवेची आर्द्रता 85-90 टक्क्यांवर गेलेली असते. त्यामुळे पाणी हवेतून पापडात शिरते आणि ही उचल दोन्ही बाजू समान होईपर्यंत चालू राहते. पाणी जिथे त्याचे प्रमाण जास्त तिथून जिथे कमी तिकडे जाते, असे आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात ते जिथे अधिक मोकळे असते तिथून जिथे कमी मोकळे असते तिकडे जाते. पार्म्याच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर हॅम वाळते ते याच नियमाने, फक्त उलट दिशेने.

हॅमसाठी डुकराची मागची तंगडी आणि समुद्री मीठ, एवढेच लागते. मीठ मांसातल्या पाण्यात विरघळले की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन होतात, आणि प्रत्येक आयन आपल्याभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे धरून बसतो. अशा पाण्यात सापडलेल्या जिवाणूच्या पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते, आणि ते आत टिकवण्यासाठी त्याला इतकी ऊर्जा खर्च करावी लागते की वाढीसाठी काही उरत नाही. प्रत्येक जातीची सहनशक्ती वेगळी असते. बोट्युलिझमचे विष तयार करणारा जिवाणू 0.94 च्या आसपास थांबतो, लिस्टेरिया 0.92 ला, तर स्टॅफिलोकोकस ऑरियस 0.86 पर्यंत तग धरतो. या शेवटच्या जिवाणूवरचे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांचे काम 1953 साली प्रसिद्ध झाले आणि अन्नाच्या टिकाऊपणाकडे टक्केवारीऐवजी या आकड्यातून पाहण्याची सवय तेव्हापासून रुजत गेली.

अडचण अशी, की मीठ एका रात्रीत हाडापर्यंत पोहोचत नाही. विसरणाचा नियम कठोर आहे: अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. तंगडी दहा-बारा किलोंहून जड असते, त्यामुळे मीठ आत सरकत असताना हाडाजवळचे मांस कित्येक आठवडे अळणी आणि असुरक्षित राहते. म्हणून हा पहिला टप्पा 1 ते 4 अंश सेल्सिअस थंडीत पार पाडतात. थंडीने मिठाचा वेग थोडा घटतो, पण जिवाणूंचा त्याहून खूप जास्त घटतो, आणि शर्यत मीठ जिंकते. पुढे वाळवणीत नेमके उलटे संकट येते. पृष्ठभाग घाईने वाळला तर त्याचे कवच होते आणि आतले पाणी कोंडले जाते. त्यावर तिथल्या कारागिरांनी काढलेला उपाय मला फार आवडतो: उघड्या मांसावर डुकराची चरबी, मीठ आणि तांदळाचे पीठ यांचा लेप हाताने थापतात, जेणेकरून बाहेरचा थर आतल्याच्या पुढे धावू नये. शेवटी परीक्षक घोड्याच्या हाडाची सुई तंगडीत पाच ठिकाणी खुपसून लगेच हुंगतो. हे हाड सच्छिद्र असल्याने वास चटकन धरते आणि चटकन सोडते, आणि सुई खुपसायच्या जागा ठरलेल्या असतात.

इतक्या काळात मांसातली विकरे प्रथिनांचे तुकडे करत राहतात. सुटे झालेले अमिनो आम्ल चव वाढवते, पाणीही धरते, आणि त्यातले टायरोसिन कमी विरघळत असल्याने पांढऱ्या कणांच्या रूपाने बाहेर पडते. भाचीने ते कण बुरशी समजून सुरीच्या टोकाने एकेक टोकरून काढले होते.

रंगाची कथा आणखी विलक्षण आहे. बहुतेक खारवलेल्या मांसाचा गुलाबी रंग सोऱ्यातून (खारवणात घालतात त्या नायट्रेटच्या क्षारातून) किंवा नायट्राइटमधून सुटलेले नायट्रिक ऑक्साइड मायोग्लोबिन या मांसाला रंग देणाऱ्या प्रथिनातल्या लोहाला चिकटल्याने येतो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी 1901 साली हे उलगडले. पार्मा हॅममध्ये मात्र सोराही नसतो आणि नायट्राइटही नसते, मग ते लाल कसे? जपानी संशोधकांनी 2004 मध्ये दाखवले, की या हॅममध्ये पॉर्फिरिन वलयाच्या, म्हणजे ज्या कड्यासारख्या रेणूत एरवी लोह बसते त्याच्या, मध्यभागी लोहाच्या जागी जस्त बसलेले असते, आणि जस्त-प्रोटोपॉर्फिरिन हा संयुग लालभडक असतो. वलय तेच, फक्त मधला धातू बदललेला. अतिनील दिव्याखाली असा काप लालसर चमकतो.

'नायट्राइट न घातलेले, नैसर्गिक' असे छापलेल्या प्रत्येक पाकिटात हा चमत्कार घडतो असे मात्र समजू नये. अनेकदा त्यात सेलरीची भुकटी असते, सेलरीत नायट्रेट असते, जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि रेणूला आपला उगम आठवत नाही. खारवण्याबद्दलचे गैरसमज तसे जुनेच आहेत. पाळीच्या बाईचा हात लागला की लोणचे नासते, असे आपल्याकडे अजून मानणारे लोक आहेत. फ्रान्सच्या बर्गंडीतल्या खेड्यांतही अशा बाईला खारवणाच्या मांसाजवळ जाऊ देत नसत. दोन्हीकडे नासण्याचे कारण मीठ कमी पडणे किंवा ओला हात हे होते, आणि ओला हात कोणाचाही असू शकतो.

आता पाटाकडे वळू. पहिल्या खेपेस तीन मांसे पुरेत: खारवून वाळवलेले हॅम, आंबवून वाळवलेली सलामी आणि शिजवलेला मोर्तादेला. जेवणाआधीचे खाणे असेल तर माणशी 50 ते 60 ग्रॅम मांस भरपूर होते, आणि ही रोजची सवय करू नये, कारण कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2015 मध्ये रोज 50 ग्रॅम प्रक्रियायुक्त मांसामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो असे नोंदवले आहे. मोर्तादेलात पाणी मोकळे असते, म्हणून तो फ्रिजमधून सर्वांत शेवटी काढावा. कापताना हाताचे आणि सुरीचे जिवाणू हॅमलाही लागतातच. तेव्हा मांडलेला पाट दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. गर्भवती स्त्रियांनी मात्र हे सगळे मांस नीट शिजवल्याखेरीज खाऊ नये.

मांडणी रंगांवरून करतात, ती मी सादळण्यावरून करतो. द्राक्षे आणि खरबूज 0.98 च्या घरात, खारातले ऑलिव्ह त्याच्या किंचित खाली, हॅम आणि जुने पार्मिज्यानो चीज 0.90 च्या आसपास, सुके जर्दाळू आणि मध 0.6 च्या जवळ, आणि कुरकुरीत बिस्किटे 0.3 च्याही खाली. बिस्किटे खरबुजाला टेकवली, तर पाहुणे पायातले बूट काढेपर्यंत ती मऊ पडतात. म्हणून ओले पदार्थ वाटीत, बिस्किटे पाटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या जागेत हॅम, चीज व अक्रोड. खरबुजावर हॅमचा काप गुंडाळायचा तो खाताना. आधी गुंडाळला तर मीठ फळातले पाणी ओढते आणि बशीत पाणी साचते.

त्या संध्याकाळी मडगावची एक मैत्रीण घरून आणलेल्या गोव्याच्या चोरिसांची (डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजची) माळ घेऊन आली होती, आणि हीही सलामीसारखीच कापून ठेवू या, असा तिचा आग्रह होता. चोरिसात मीठ, व्हिनेगर, मिरची आणि धूर किंवा ऊन असे चार पहारेकरी असतात, पण घरोघरी वाळवण्याचे प्रमाण वेगळे असते आणि ते शिजवूनच खाण्याचे मांस आहे. भाचीने हॅमसाठी तापवलेला तवा अखेर त्याच्या कामी आला.