व्हिडिओ गेम आणि खेळाडूचे अश्रू

व्हिडिओ गेम खेळताना त्यातल्या प्रसंगाने खेळाडूच्या डोळ्यांत पाणी येणे, आणि ते यावे म्हणून खेळ रचणाऱ्यांनी वापरलेल्या युक्त्या, हा या नोंदीचा विषय. हरल्यावर कंट्रोलर आपटून रडणारे मूल इथे धरलेले नाही. गेम रडवू शकतो का, याबद्दल आता शंका उरलेली नाही. पाहायचे ते हे, की तो कशाने रडवतो. गोष्ट आणि संगीत ही साधने गेमने नाटक-सिनेमाकडून घेतली. बटण मात्र त्याचे स्वतःचे आहे, आणि या माध्यमाचे अस्सल अश्रू तिथूनच येतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक आहे, तर करुणरसाचा स्थायी भाव शोक. पुढच्या रसचर्चेत साधारणीकरणाची कल्पना आली : रंगमंचावरचे दुःख प्रेक्षकाचे खाजगी दुःख नसते, म्हणून त्याला ते आस्वादता येते. गेममध्ये ही सोय अर्धीच मिळते. खेळाडू एकाच वेळी प्रेक्षकही असतो आणि नटही. त्यामुळे त्याच्या रडण्यात अपराधीपणाची एक छटा मिसळते, जी खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला सहसा शिवत नाही. ‘तो गेला’ याच्या जोडीला ‘दार मी लावलं’ हेही असते.

हे दार खरोखरच एका गेममध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही अमेरिकी कंपनी १९८२ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिने मासिकांत जाहिरात दिली : संगणक तुम्हांला रडवू शकतो का? त्याच १९८३ साली इन्फोकॉम या दुसऱ्या कंपनीचा ‘प्लॅनेटफॉल’ बाजारात आला. लेखक स्टीव्ह मेरेट्झ्की. पडद्यावर चित्र एकही नाही, फक्त मजकूर. खेळाडूने आज्ञा टंकायच्या आणि गेमने उत्तर द्यायचे. ओसाड ग्रहावर अडकलेल्या खेळाडूला फ्लॉइड नावाचा यंत्रमानव भेटतो. तो लहान मुलासारखा मागे मागे फिरतो, मध्येच बडबडतो, खेळायला बोलावतो. शेवटाकडे एका प्रयोगशाळेतून एक कार्ड आणायचे असते आणि आत हिंस्र प्राणी असतात. फ्लॉइड स्वतःहून जायला तयार होतो. दार उघडायची आज्ञा खेळाडूच देतो, आणि फ्लॉइड आत गेल्यावर ते लावायची आज्ञाही तोच देतो. लावले नाही तर प्राणी बाहेर येऊन खेळाडूलाच मारतात. आतून झटापटीचे आवाज येतात, मग दारावर थाप पडते. फ्लॉइड कार्ड घेऊन बाहेर येतो आणि कोसळतो. सर्वांत चांगल्या शेवटात तो दुरुस्त होऊन परततो, पण ती दोन शब्दांची आज्ञा आपण टंकलेली असते, हे पुसले जात नाही.

जपानमध्ये हा विषय वेगळ्या वाटेने मोठा झाला. ‘फायनल फँटसी ७’ (३१ जानेवारी १९९७) तीन सीडींवर येत असे. पहिल्या सीडीच्या अखेरीस एरिथ ही मुख्य पात्रांतली मुलगी मारली जाते. तोवर खेळाडूने तिच्यावर बरेच तास खर्च केलेले असतात : तिची पातळी वाढवलेली, शस्त्रे घेतलेली, जखमी सोबत्यांना बरे करायला तिच्यावर भिस्त ठेवलेली. ती एका क्षणात यादीतून नाहीशी होते. तिच्या केसांतला पांढरा गोळा पायऱ्यांवरून टप टप उड्या घेत पाण्यात पडतो. लगेच लढाई सुरू होते, आणि इथे संगीतकार नोबुओ उएमात्सु यांच्या सुरावटीची योजना पाहण्यासारखी आहे. एरवी लढाई लागली की लढाईचे संगीत लागते. या एका लढाईत एरिथचीच धून तशीच वाजत राहते. हात सवयीने बटणे दाबतात आणि कान शोकात असतात. या गेममध्ये लढाईत पडलेल्याला उठवणारी फिनिक्स डाउन नावाची वस्तू दुकानात ३०० गिलला (गिल हे गेममधले चलन) मिळते. ती पिशवीत असूनही इथे उपयोगी पडत नाही. एरिथला परत आणायच्या अफवा खेळाडूंत वर्षानुवर्षे फिरत राहिल्या त्या यामुळेच. गेमने आधी शिकवलेला नियम गेमनेच मोडला होता.

जपानीत रडवणाऱ्या गेमना ‘नाकिगे’ असे स्वतंत्र नावच आहे. ‘की’ नावाच्या जपानी कंपनीच्या ‘कॅनन’ (१९९९), ‘एअर’ (२०००) आणि ‘क्लॅनाड’ (२००४) यांनी या प्रकाराचा साचा पक्का केला. बहुतेक मजकूर वाचायचा आणि अधूनमधून पर्याय निवडायचा. आधी भरपूर थट्टामस्करी आणि रोजचे शाळकरी आयुष्य, मग जवळीक, मग ताटातूट. हलकाफुलका भाग कंटाळून पुढे ढकलणाऱ्याला शेवटी काहीच वाटत नाही, कारण रडण्याचे भांडवल तिथेच साठलेले असते.

बटणातून शोक कसा उभा राहतो याचा नमुना म्हणून ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ (२०१३, दिग्दर्शक जोसेफ फारेस) घ्यावा. आजारी वडिलांसाठी औषध आणायला दोन भाऊ निघतात. कंट्रोलरची डावी दांडी आणि डावे ट्रिगर बटण मोठ्या भावाचे, उजवी दांडी आणि उजवे ट्रिगर धाकट्याचे. दोघांना एकाच वेळी दोन हातांनी चालवायचे. पहिला अर्धा तास बोटांचा गोंधळ उडतो, मग हात सरावतात. धाकट्याला पाण्याची भीती असते. नदी आली की तो मोठ्याच्या पाठीला धरूनच पार होतो. शेवटाकडे मोठा भाऊ मरतो. धाकट्याने त्याला पुरायचे असते, आणि मातीचे ढीग एकेक करून खेळाडूलाच लोटावे लागतात. त्यानंतर डाव्या हाताला काही काम उरत नाही. परतीच्या वाटेवर पूर आलेले पाणी लागते. उजवे ट्रिगर दाबून पाहिले तर धाकटा काठावरच अडतो. कोणतीही सूचना येत नाही. मग कधीतरी खेळाडूचे बोट डाव्या ट्रिगरवर जाते, म्हणजे गेलेल्या भावाच्या बटणावर, आणि धाकटा पाण्यात उतरून पोहू लागतो. पात्रे बनावट भाषेत बोलतात, त्यामुळे संवादाचा अर्थ लावायची वेळच येत नाही. जे कळते ते बोटाला कळते. तीन-चार तासांच्या खेळात हे साधले, कारण पहिल्या मिनिटापासून ते बटण एकाच माणसाचे होते.

याच्या उलट उदाहरण ‘कॉल ऑफ ड्यूटी : ॲडव्हान्स्ड वॉरफेअर’ (२०१४) मधले. मित्राच्या शवपेटीसमोर उभे असताना श्रद्धांजली वाहण्यासाठी एफ दाबा, अशी सूचना पडद्यावर येते. जगभर त्याची थट्टा झाली. बटण इथेही एकच. पण तो मित्र पहिल्याच मोहिमेत गेलेला, त्याच्याशी ओळख जेमतेम, आणि त्या बटणाचे त्याच्याशी आधी काही नाते नव्हते. सवय न लावता शेवटी बटण दिले की शोकाची कवायत होते.

सवय लावणे हे म्हणूनच पहिले काम. फुमितो उएदा यांच्या ‘इको’मध्ये (२००१) सोबतच्या मुलीचा हात धरायचा तर कंट्रोलरचे आर १ बटण दाबून ठेवावे लागते, सोडले की हात सुटतो. ‘जर्नी’ (२०१२, दॅटगेमकंपनी) सुमारे दोन तासांचा. वाळवंटात एक अनोळखी खेळाडू इंटरनेटवरून सोबतीला येतो. त्याचे नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. सुरुवातीच्या चाचण्यांत खेळाडू एकमेकांना ढकलून देत, कारण ढकलले की काहीतरी घडताना दिसे. दिग्दर्शक जेनोव्हा चेन यांच्या चमूने धक्का लागणेच काढून टाकले आणि स्पर्श झाला की दोघांच्या उपरण्यात उडण्याची शक्ती भरते असे केले. त्याच लोकांचे वागणे बदलले. शेवटच्या बर्फाळ चढावर उपरणे गोठून आखूड होत जाते आणि सूर क्षीण होतो, तेव्हा दोघे चिकटून चालतात. सोबत्याचे नाव सगळे संपल्यावर कळते.

काही गेम याहून पुढे जाऊन बटण असून काहीच करू देत नाहीत. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ (२०१६) रायन आणि एमी ग्रीन या दांपत्याने आपल्या मुलावर, जोएलवर, केला. तो २०१४ मध्ये पाच वर्षांचा असताना कर्करोगाने गेला. त्यातल्या एका प्रसंगात बाप रुग्णालयाच्या खोलीत आहे, मूल तहानेने रडते आहे आणि पाणी पोटात ठरत नाही. खेळाडू खोलीतली प्रत्येक गोष्ट करून पाहतो. रडणे थांबत नाही. गेम म्हणजे प्रयत्न केला की मार्ग निघतो, अशी खेळाडूची आयुष्यभराची समजूत असते. तिच्या विरुद्ध हा प्रसंग उभा आहे. हा गेम सलग न खेळता थांबत थांबत खेळावा. ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांनी तो आधी दुसऱ्याकडून समजून घ्यावा.

चुका कुठे होतात ते रचना करणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. अश्रुग्रंथींना चालना परानुकंपी, म्हणजे शरीराला विसाव्याकडे नेणाऱ्या, मज्जासंस्थेकडून मिळते, आणि पाणी बहुधा ताण उतरताना येते. म्हणून हातघाईच्या लढाईत कोणी रडत नाही; प्रसंगानंतर निदान अर्धा मिनिट हाताला काम नसलेली जागा लागते. तिथे लगेच नवी मोहीम किंवा नकाशावरचा बाण आला की आलेला हुंदका परत जातो. दुसरी चूक, करुण प्रसंगाच्या आधी फार अवघड लढाई ठेवणे. सहाव्यांदा हरून पुन्हा तोच संवाद ऐकणारा खेळाडू तो ओलांडायचे बटण शोधत असतो. तिसरी, चेहरे : हुबेहूब माणसासारखे पण किंचित चुकलेले चेहरे मनाला दूर लोटतात. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी यंत्रमानवांबद्दल १९७० मध्येच हे मांडले होते, आणि प्लॅनेटफॉलला चेहराच नव्हता हे इथे आठवावे. चौथी गोष्ट खेळाडूच्या हातातली आहे. प्लेस्टेशनवर ऐन मृत्यूच्या क्षणी ट्रॉफी (टप्पा गाठल्याचे आभासी बक्षीस) मिळाल्याचा टण् आवाज आणि चौकट येते. सेटिंगमध्ये जाऊन सूचना आधीच बंद कराव्यात.

‘बिफोर युअर आइज’ (२०२१) मध्ये तर डोळेच कंट्रोलर होतात. संगणकाचा कॅमेरा पापण्या टिपतो. पडद्यावर लोलकाची खूण आली की पुढच्या उघडझापीला प्रसंग संपतो आणि काळ पुढे सरकतो. आईचे बोलणे पूर्ण ऐकायचे तर डोळे ताणून उघडे ठेवावे लागतात, डोळ्यांची आग होते, पाणी येते, आणि पाणी आले की पापणी मिटतेच. उजेड समोरून हवा. अंधाऱ्या खोलीत किंवा चश्म्यावर चमक पडत असेल तर मोजमाप चुकते आणि प्रसंग उगाच निसटतात, तेव्हा सुरुवातीची जुळणी घाईने उरकू नये.

महाराष्ट्राशी या विषयाचा थेट धागा पुण्याचा. तिथल्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या बहिणीचा आहे. चित्रे आणि मंदिरांची रचना देखणी आहे. पण भाऊ गोलू बहुतेक वेळ खेळाडूच्या हाताबाहेर राहतो, दुःख निवेदनातून येते आणि बोटे लढाईत गुंतलेली असतात. घरदार सोडून परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना ‘वेनबा’ (२०२३, विसाई गेम्स, टोरांटो) अधिक जवळचा वाटेल. कॅनडात येऊन राहिलेल्या तमिळ कुटुंबाचा हा दीडेक तासाचा गेम. त्यात लढाई नाही, स्वयंपाक आहे. आईने दिलेल्या पाककृतींच्या वहीची पाने फाटलेली, डाग पडून पुसट झालेली. इडलीची पात्रे कशी रचायची, फोडणीत आधी काय पडते, ही गेलेली पायरी खेळाडूने अंदाजाने भरायची असते. चुकले तर पदार्थ बिघडतो आणि पुन्हा करता येतो. मुलगा मात्र घरात हळूहळू इंग्रजीत उत्तरे देऊ लागतो, आणि ते दुरुस्त करायला वहीत एकही पान नाही.