बटाटा सोडला, रताळं धरलं

"भो, शुगर निघाली. बटाटा बंद. आता हे." महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी भुसावळच्या बाजारात आमच्या गल्लीतल्या काकांनी पिशवी उघडून दाखवली. आत दोन किलो रताळी. "निखाऱ्यात भाजायची, तेलाचा थेंब नाही," असं म्हणताना त्यांच्या तोंडावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद होता.

बटाटा वाईट आणि रताळं औषधी, असा हिशेब आता घरोघरी पक्का झालाय. पण या दोघांचा घोळ नावापासूनच सुरू होतो. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक 'बताता' म्हणायचे ते रताळ्याला. तो शब्द स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलीत गेला आणि आपल्याकडे येईस्तोवर बटाट्याला चिकटला. रताळ्याला मात्र आपण 'रक्तालु'वरून आलेलं नाव दिलं. म्हणजे आपला बटाटा रताळ्याचं नाव लावून फिरतो.

नात्याने मात्र दोघं एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. बटाटा वांगं, टोमॅटो आणि मिरचीच्या कुळातला. रताळं गारवेलीच्या आणि नाल्याकाठच्या बेशरमच्या. बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेलं खोड, म्हणून त्याला डोळे असतात. रताळं म्हणजे फुगलेलं मूळ. दोघंही अमेरिकेतून आलेले पाहुणे, तरी एकादशीला दोघांना पानात मान. आणि इथलंच, या मातीतलं वांगं? कांदेनवमीला त्याचं भरीत खाऊन आपण चार महिने त्याला निरोप देतो, आणि दोन दिवसांनी त्याच्याच भाऊबंदाला उपवासाच्या भाजीत घालतो. शास्त्र कुणी लिहिलं ते लिहो, बटाट्याचा वशिला दांडगा होता.

आता आकडे. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण ७७ कॅलरी, रताळ्यात ८६. कर्बोदकं बटाट्यात १७-१८ ग्रॅम, रताळ्यात २०. तंतू रताळ्यात थोडे जास्त, ३ ग्रॅम. बटाट्यात २ च्या आसपास. क जीवनसत्त्वात आणि पोटॅशियममध्ये बटाटाच पुढे. एवढ्या फरकावर एकाला देव आणि दुसऱ्याला दैत्य कसं करायचं?

रताळ्याची कीर्ती झाली ती केशरी गराच्या वाणांमुळे. त्यात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं, शरीर त्याचं अ जीवनसत्त्व करतं. पण आपल्या बाजारातलं लाल सालीचं रताळं कापून बघा, आत बहुधा पांढरं निघतं. पांढऱ्या गरात ते कॅरोटीन नसल्यातच जमा. फोटो केशरी रताळ्याचा आणि पिशवीत पांढरं, अशी गत.

साखरेचं म्हणाल, तर खरी गोम काकांच्या निखाऱ्यात आहे. रताळ्यात एक विकर (एन्झाइम) असतं, ते हळूहळू तापताना स्टार्चची माल्टोज साखर करतं. भाजलेलं रताळं गोडमिट्ट लागतं ते त्यामुळे. जमैकात वेगवेगळ्या वाणांवर केलेल्या मोजणीत उकडलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचं माप) ४१ ते ५० भरला, आणि भाजलेल्याचा ८० ते ९० च्या घरात. उकडलेला बटाटा बहुतेक वेळा ७० च्या पुढे असतो. म्हणजे उकडलेलं रताळं बटाट्यापेक्षा बरं, पण भाजलेलं उकडलेल्या बटाट्यालाही मागे टाकू शकतं. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची आपल्या हाताला सवय, तोच हात रताळ्याला लागला की काम बिघडतं.

बटाट्याच्या बाजूनेही एक सांगायला हवं. १९९५ साली सिडनीत ३८ पदार्थ खाऊ घालून कशाने पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं ते मोजलं होतं, त्यात उकडलेला बटाटा पहिला आला. शिवाय उकडून गार केला की त्यातला काही स्टार्च पचायला कठीण होतो आणि साखर जरा सावकाश चढते. बटाट्याची बदनामी केली ती कढईने. उकडलेल्या १०० ग्रॅमला ८७ कॅलरी, तळलेल्या वेफर्सना पाचशेच्या पुढे. चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवलेला बटाट्याचा कीस आठवा: पाणी उन्हाने नेलं, आणि एकादशीला तेलाने त्याची जागा घेतली.

पण मला वाटतं, मूळ चूक निवडीत नाहीच, ताटातल्या जागेत आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, आणि त्या मोजणीतून बटाटा आणि रताळं दोन्ही वगळते. आपण मात्र बटाट्याला 'भाजी' म्हणतो. मुठीएवढ्या, १५० ग्रॅमच्या उकडलेल्या बटाट्यात ३० ग्रॅम कर्बोदकं. ४० ग्रॅम पिठाच्या पोळीतही जवळपास तेवढीच. म्हणजे बटाट्याच्या भाजीशी पोळी खाणं हे पोळीशी पोळी खाणं. वरण-बट्टीच्या पंगतीत वांग्याच्या भाजीत बटाटे पडले असतील, तर एक बट्टी कमी घ्यावी. साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा आणि वर रताळ्याचा कीस, ही तर तीन स्टार्चांची यात्राच. त्या ताटात दाणे आणि दही तेवढे कामाचे.

ज्यांना किडनीचा त्रास आहे आणि पोटॅशियम कमी करायला सांगितलंय, त्यांनी दोन्ही कापून भरपूर पाण्यात उकडावीत, पाणी फेकावं, आणि किती खायचं ते डॉक्टरांना विचारावं. हिरवा पडलेला, कडवट बटाटा मात्र कुणीच खाऊ नये, त्यात सोलानिन नावाचं विष असतं, ते शिजवून जात नाही.

काकांना मी एवढंच म्हटलं, "उकडा, एक खा, आणि त्या वेळी भगर नको."

"आणि बाकीची रताळी?"

"टोपलीत, हवेशीर ठेवा. फ्रीजमध्ये ठेवली तर आतला गर कितीही उकडा, टणकच राहतो."