‘ड्रायव्हर नाही’ म्हणजे नेमका कोणता?

प्रयोगशाळेतलं जुनं मोजयंत्र लिनक्सला जोडायचं म्हटलं की कुणीतरी सांगतंच, “याचा लिनक्सवर ड्रायव्हर नाही.” विषय तिथेच मिटतो. कोपऱ्यातला विंडोज एक्सपीचा संगणक तसाच रेटला जातो आणि तो बंद पडला की ठणठणीत यंत्रसुद्धा कपाटात जातं. या वाक्याचं मला फार वाईट वाटतं. कोणता ड्रायव्हर नाही असं विचारलं, तर बहुतेकांना सांगता येत नाही. ड्रायव्हर या एकाच नावाने आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी ओळखतो. एक असतो कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दुसरा तुमच्या पायथन भाषेतल्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये.

कर्नेलमधल्या ड्रायव्हरला तुमच्या यंत्राशी देणंघेणं नसतं. त्याची ओळख कार्डाशी किंवा अडॅप्टरशी. मोजयंत्रं संगणकाला जोडायच्या जीपीआयबी या जुन्या पद्धतीचंच घ्या. ह्यूलेट-पॅकार्डने स्वतःच्या यंत्रांसाठी काढलेली ही बस (अनेक उपकरणांनी मिळून वापरायच्या तारा) १९७५ मध्ये आयईईई ४८८ म्हणून मानक झाली. २४ पिनांचा जाडजूड कनेक्टर, एकावर एक रचता येणारा. संगणक धरून एका बसवर १५ उपकरणं, केबल सगळी मिळून २० मीटर. सिग्नलच्या १६ तारांपैकी ८ डेटाच्या, ५ नियंत्रणाच्या आणि ३ हँडशेकच्या. ऐकणाऱ्या प्रत्येक उपकरणाने ‘घेतला’ म्हटल्याशिवाय पुढचा बाइट निघत नाही, म्हणून सगळी बस सर्वांत संथ उपकरणाच्या चालीने चालते. ही देवघेव सांभाळणं, इंटरप्ट (लक्ष वेधायला हार्डवेअरने दिलेली हाक) घेणं, अडॅप्टरला जागं करणं ही कर्नेल ड्रायव्हरची कामं. (अ‍ॅजिलेंटच्या ८२३५७बी या यूएसबी अडॅप्टरमध्ये तर जोडताक्षणी आधी फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारा प्रोग्राम, ओतावं लागतं.) पण जाणाऱ्या बाइटमध्ये व्होल्ट आहे की ओम, हे त्याच्या गावीही नसतं.

ते कळतं दुसऱ्या ड्रायव्हरला. ‘डीसी व्होल्ट मोज’ हे या मॉडेलला कोणत्या शब्दांत सांगायचं आणि आलेल्या उत्तरातला आकडा कुठून उचलायचा, एवढंच त्याचं ज्ञान. १९९० मध्ये एससीपीआय ही सामायिक आज्ञाभाषा आली आणि हे काम पुष्कळ सोपं झालं. त्याआधी प्रत्येक यंत्राची बोली निराळी. एचपीच्या ३४७८ए मल्टिमीटरला डीसी व्होल्टसाठी ‘एफ१’ म्हणायचं, चार तारांनी रोध मोजायचा तर ‘एफ४’. त्याला ‘*आयडीएन?’ म्हणून नाव विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण तो प्रश्नच १९८७ च्या आयईईई ४८८.२ ने रूढ केला. यंत्र ठीक आहे, केबल ठीक आहे, फक्त त्याला ती भाषा येत नाही.

दोन्हींची गल्लत सर्वांत महागात पडते ती टाइमआउटच्या वेळी, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही की. आम्ही एकदा दोन दिवस कर्नेलचं मॉड्यूल, म्हणजे तो पहिला ड्रायव्हर, काढत आणि घालत बसलो होतो. केबल बदलली, यंत्राचा बसवरचा पत्ता बदलला, तरी तेच. शेवटी यंत्राची चुकांची रांग वाचली, तर तिथे उणे ११३ पडलेला. एससीपीआयमध्ये याचा अर्थ, आज्ञा ओळखीची नाही. आमची पायथनची फाइल दुसऱ्याच मॉडेलसाठी लिहिलेली होती. न समजलेल्या प्रश्नाला यंत्र काही उत्तर देत नाही, संगणक वाट पाहत राहतो आणि पडद्यावर टाइमआउट दिसतो, अगदी तार तुटल्यासारखा. पण उणे ११३ यायला आमचे बाइट यंत्रापर्यंत नीट पोचावेच लागतात. म्हणजे कर्नेल ड्रायव्हर दोन्ही दिवस आपलं काम चोख करत होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी कर्नेलच्या नोंदींत अडॅप्टर दिसतो का, त्याची डिव्हाइस फाइल तयार झाली का आणि ती उघडायची परवानगी मला आहे का, ते पाहायचं. मग त्या मॉडेलला समजणारा एखादा साधा प्रश्न हाताने टाइप करून पाठवायचा. उत्तर आलं, की कर्नेलचा विषय संपला.

‘व्हिसा’ हे नावही या गोंधळात भर घालतं. तो या दोन्हींपैकी काहीच नाही. बस कोणतीही असो, प्रोग्रामला एकाच पद्धतीने बोलता यावं म्हणून मध्ये ठेवलेला तो थर आहे.

लिनक्सची खरी अडचण होती ती पहिल्या ड्रायव्हरची. यूएसबीने थेट जोडता येणाऱ्या मोजयंत्रांसाठीचा यूएसबीटीएमसी हा ड्रायव्हर २००८ मध्येच, २.६.२८ या आवृत्तीपासून, कर्नेलमध्ये आला. जीपीआयबीचे ड्रायव्हर मात्र वर्षानुवर्षं कर्नेलबाहेरच्या लिनक्स-जीपीआयबी प्रकल्पात राहिले. कर्नेलची अंतर्गत रचना सतत बदलते आणि बाहेरच्या मॉड्यूलची जबाबदारी कर्नेलवाले घेत नाहीत. त्यामुळे सिस्टिम अपडेट केली की मॉड्यूल पुन्हा कंपाइल करा, आणि ते न झालं तर प्रयोग थांबवा. काही स्वयंसेवकांनी हे ओझं चिकाटीने वाहिलं म्हणून कित्येक प्रयोगशाळा चालू राहिल्या. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ मध्ये हे ड्रायव्हर अखेर कर्नेलच्या ‘स्टेजिंग’ विभागात दाखल झाले. स्टेजिंग म्हणजे अजून पक्का न झालेल्या कोडची ओसरी. माजघरात जायला वेळ लागतो. डेटा अ‍ॅक्विझिशन कार्डांसाठीचा कोमेडी २००९ मध्ये तिथे आला आणि २०२१ मध्ये, ५.१३ ला, बाहेर पडला. तरी ओसरीवर येणं मोठंच, कारण कर्नेलमध्ये बदल करणाऱ्याला आता हा कोडही सोबत दुरुस्त करावा लागतो.

दुसऱ्या ड्रायव्हरसाठी कर्नेलची वाट पाहायची गरजच नाही. प्रोलॉजिक्ससारखा जीपीआयबी अडॅप्टर संगणकाला साधा सीरियल पोर्ट म्हणून दिसतो, म्हणजे तिथे जीपीआयबीचा कर्नेल ड्रायव्हरही लागत नाही. उरतो तो आज्ञांचा तक्ता, आणि तो जुन्या यंत्रांच्या छापील मॅन्युअलमध्ये असतोच. ३४७८ए साठी तशी फाइल लिहायला मला एक संध्याकाळ लागली. आमच्या कामाला लागणाऱ्या आज्ञा दहासुद्धा नव्हत्या.